वरच्याकडे कोरडंच असतं

रविवारी सकाळी कोथरूडच्या आमच्या कट्ट्यावर चहा आला आणि मी मोबाइलमधला फोटो पुढे केला. आईच्या खोलीचं छत. मधोमध परातीएवढा पिवळा डाग, कडेने सुटलेले पोपडे, खाली बादली. अकरा महिने वरून गळतंय. पलंग तीनदा सरकवला, आता सरकवायला जागा नाही.

"वरचा काय म्हणतो?" नानांनी विचारलं. नाना आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात, कमिटीतही आहेत.

"म्हणतो, माझ्याकडे तर कोरडं आहे."

"वरच्याकडे कोरडंच असणार," बापू म्हणाला. तो प्लंबिंगची कामं घेतो. "फरशीखाली कोबा असतो, विटांच्या तुकड्यांचा थर. तो पाणी पितो, भरला की वाट सापडेल तिकडे सोडतो. गळतं मोरीत आणि थेंब पडतो बेडरूममध्ये."

नाना म्हणाले, "पण हे तुम्हा दोघांचं आपसातलं आहे. सोसायटी त्यात काय करणार?"

हेच वाक्य मला कमिटीच्या उत्तरात लेखी मिळालं होतं. मी काही बोलायच्या आत दिल्या सरसावला. तो वकिली करतो.

"नाना, खर्च कुणाचा आणि काम कुणी करून घ्यायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. संडास, मोरी, सिंकची आतली गळती ज्याच्या घरातून येते त्याच्या खर्चाने, हे आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, आहेच. पण तक्रार आली की नोटीस देऊन आत जाऊन पाहायचा, दुरुस्ती सांगायचा आणि सभासदाने नाही केली तर करून घेऊन खर्च वसूल करायचा अधिकार कमिटीला आहे. ह्याला कुठला अधिकार आहे वरच्याचं दार उघडायचा?"

माझं सगळं दुखणं ह्या एका वाक्यात आलं. खालच्याने किती वेळा बेल वाजवायची? वरच्या फ्लॅटचा मालक परगावी, भाडेकरू म्हणतो मालकाला विचारा, मालक फोन उचलत नाही. पैशांचा वाद फार पुढचा. गळती कुठून आहे हेच अजून कुणी बघितलेलं नाही. अडकलंय ते दारात.

नाना तापले. "उद्या गच्ची गळली तर तीही आमच्याच माथी. सातव्या मजल्याच्या छताला तळमजल्यावरच्या मी पैसे का द्यायचे?"

"कारण गच्ची सातव्या मजल्याची नाही, सगळ्यांची आहे," दिल्या म्हणाला. "गच्ची, छताच्या स्लॅबची मोठी दुरुस्ती, पावसाची गळती, बाहेरचे सामाईक पाइप हे सगळं सोसायटीचं. त्यासाठीच बांधकाम खर्चाच्या निदान 0.75 टक्के दरवर्षी दुरुस्ती निधीत आणि 0.25 टक्के सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या कामांच्या राखीव निधीत, जमा करायचे असतात."

बापू शांतपणे म्हणाला, "नाना, मागे ड्रेनेजचं चेंबर तुंबलं तेव्हा सातव्या मजल्यापर्यंतची घाण तुमच्या मोरीत वर आली होती. मीच आलो होतो साफ करायला. ते बिल सगळ्यांनी मिळून भरलं."

नानांनी कप खाली ठेवला. मला त्यांचा राग आला नाही. पेन्शनवर घर चालवणाऱ्याला वर्गणी शब्दाची धास्ती असते.

पुण्यात आणखी एक गुंता असतो. पाटीवर सोसायटी लिहिलेलं असतं आणि कागदोपत्री असतं 1970च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचं अपार्टमेंट. तिथे सामाईक काय नि खासगी काय हे इमारतीच्या घोषणापत्रात, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये, बघावं लागतं. आमची 1960च्या सहकार कायद्याखालची सोसायटीच आहे, तेवढं मी तपासून ठेवलंय. नव्या इमारतीत राहणाऱ्याला रेराचा, म्हणजे बांधकाम क्षेत्राच्या नियमन कायद्याचा, आधार आहे: ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने 30 दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा. आमची इमारत बावीस वर्षांची.

मग बापूने शोध कसा घ्यायचा ते सांगितलं. गच्चीवरचा वरच्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवायचा. थेंब थांबला तर भिंतीतला कन्सील्ड पाइप. आंघोळीनंतरच वाढत असेल तर नहाणी ट्रॅप, म्हणजे मोरीच्या जाळीखालची निचऱ्याची वाटी, किंवा फरशीचे सांधे. ट्रॅपला बोळा मारून मोरीत रंगीत पाणी चोवीस तास साठवायचं आणि खाली रंग उतरतो का बघायचं. फक्त पावसात गळत असेल तर बाहेरची भिंत, म्हणजे खर्च सोसायटीचा.

"आणि लवकर करा," तो म्हणाला. "स्लॅबमधली सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते. आज ह्याच्याकडे पोपडे आहेत, उद्या गिलावा खाली येईल."

"पलंगावर?" नानांनी विचारलं.

"पलंग तिथेच आहे ना?"

नानांनी माझा मोबाइल मागून घेतला, फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. बादलीशेजारी आईच्या चपला दिसत होत्या.

"हा मला पाठव," ते म्हणाले. "मंगळवारी कमिटी बसते आहे. नोटीस मी काढायला लावतो. बापू, बुधवारी तू मोकळा आहेस का?"