पुस्तक तोंडपाठ आहे, मग तयारी कशाला?

गेल्या रविवारी आमच्या घरच्या ग्रुपवर दादाने, म्हणजे माझ्या मामेभावाने, एक मेसेज पुढे ढकलला : 'दैनिक टाचण बंद झालंच पाहिजे.' टाचण म्हणजे कुठल्या तासाला काय शिकवणार हे शिक्षकाने रोज लिहायची वही. दादा माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, नोकरीला बावीस वर्षं झाली. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण खाली त्याने स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं : "पुस्तक तोंडपाठ आहे. आता तयारी कसली करायची?" त्यावर मामांपासून भाच्यांपर्यंत सगळ्यांचे अंगठे वर. मी इथे इंग्लंडात लेस्टरमध्ये जेवणाच्या टेबलावर सोमवारच्या इयर एटच्या, म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या, तासासाठी कागदाच्या पट्ट्या कापत बसले होते. कात्री बाजूला ठेवून लिहिलं, "दादा, पुस्तक पाठ असलं म्हणजे तयारी झाली असं नाही." उत्तर लगेच आलं : "तुला तिकडं बसून काय कळतंय?"

ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

टाचणाबद्दल दादाचं बरोबर आहे, हे आधीच सांगते. कोरेगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी सात वर्षं गणित शिकवलं. एका वर्षी तपासणीची कुणकुण लागली, तेव्हा दुसऱ्या बाईंची वही आणून मी दोन रात्रींत अख्ख्या वर्षाचं टाचण उतरवून काढलं. घटक, उपघटक, उद्दिष्टं, गृहपाठ. 'शैक्षणिक साहित्य' या रकान्यात दर पानावर 'तक्ता' लिहिलं. तसा एकही तक्ता शाळेत नव्हता. सही मिळाली. इथे ऑफस्टेडचे, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचे, निरीक्षक आले तरी लेखी पाठनियोजन दाखवा म्हणत नाहीत. ती वही उद्या बंद झाली तर मुलांचं काहीही बिघडणार नाही.

पण तयारी ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती केली नाही की काय होतं ते मी स्वतः पाहिलं आहे.

सातवीचा वर्ग, अपूर्णांकांचा भागाकार. मी रिकाम्या हाताने गेले, कारण मलाही पुस्तक तोंडपाठ होतं. फळ्यावर लिहिलं, दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. खिडकीजवळच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "बाई, उलटं का करायचं?" मी म्हणाले, "नियम आहे. पाठ कर." तो बसला. वर्षभर त्याने परत काही विचारलं नाही. मला उत्तर येत नव्हतं असं नाही. सातवीतल्या मुलाला पटेल असं उत्तर मी आदल्या दिवशी शोधून ठेवलं नव्हतं, एवढंच.

आता मी कागदाची पट्टी नेते. दर वेळी निम्म्यावर दुमडत पट्टीच्या तीन घड्या घातल्या की आठ सारखे भाग पडतात. पाऊण पट्टी रंगवायची आणि विचारायचं, यात एक अष्टमांशाचे तुकडे किती बसतात? मुलं मोजतात, सहा. मग पूर्ण पट्टीत किती? आठ. म्हणजे पाऊण पट्टीत आठाच्या पाऊणपट. तिथे अष्टमांश उलटा होऊन आठ कसा झाला, हे त्यांना स्वतःच्या बोटांखाली दिसतं. यातली खरी तयारी कापाकापीची नसते, आकडे निवडण्याची असते. पाऊणऐवजी दोन तृतीयांश घेतले तर रंग बरोबर घडीवर संपत नाही, तुकडे पूर्ण बसत नाहीत, मुलं उरलेल्या तुकड्यात अडकतात आणि मूळ मुद्दा हातचा जातो. ते उदाहरण दुसऱ्या दिवशी. कुठलं आधी नि कुठलं नंतर, हे फळ्यासमोर उभं राहून सुचत नाही, वीस वर्षं शिकवत असलं तरीही.

यासाठी इथे वेळ मिळतो, हे मान्य. सरकारी शाळांत पीपीए (नियोजन, तयारी आणि मूल्यमापनाचा वेळ) म्हणून शिकवण्याच्या तासांच्या किमान १० टक्के वेळ २००५ पासून हक्काने राखून ठेवलेला असतो, त्या वेळात मला गैरहजर शिक्षकाच्या तासावर पाठवता येत नाही. पण आपला २००९ चा शिक्षण हक्क कायदा तरी काय सांगतो? त्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास आहेत, 'पूर्वतयारीच्या तासांसह'. सहावी ते आठवीला वर्षाचे २२० दिवस आणि १००० तास अध्यापन. सहा दिवसांचा आठवडा धरला तर शिकवणं साधारण २७ तासांचं होतं. उरलेले १८ जातात कुठे?

दादाने फोनवर ते मोजूनच दाखवले. दोन शिक्षक, चार इयत्ता, खिचडीचा हिशोब, मतदारयाद्या, रोजची ऑनलाइन माहिती. कायद्याचं कलम २७ शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामं लावायला मनाई करतं, पण त्यात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांचा अपवाद आहे, आणि त्या अपवादातून केवढं काम आत शिरतं हे मला ठाऊक आहे. "वेळ मिळत नाही" असं दादाने लिहिलं असतं तर ग्रुपवर सगळ्यांच्या आधी मी त्याच्या बाजूने उभी राहिले असते. त्याने लिहिलं त्याचा अर्थ "गरज नाही" असा होतो. वेळ मागणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या पायाखालची जमीन त्या दोन शब्दांनी काढून घेतली.

आणि हे विलायती खूळ नाही. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि मग कोसबाडला बिया, शिंपले, खडे यांच्यावर मुलांना शिकवलं. ते कुणीतरी आदल्या दिवशी वेचून, धुऊन, मोजून ठेवल्याशिवाय वर्गात कसं येणार?

एक गोष्ट मात्र दादाला फोनवर सांगता आली नाही. कोरेगावात मी रिकाम्या हाताने जाऊ शकत होते, कारण तो वर्ग माझा होता. तास फसला तरी कुणाच्या रानात आलं लावलंय, कुणाच्या घरी लग्न आहे, यावर बोलून सावरता यायचं. इथे पट्टी कमी पडली तर माझ्याकडे दुसरं काही नाही. आदल्या रात्री मी वाक्यं मोठ्याने म्हणून पाहते, उच्चारावर कुणी हसू नये म्हणून. माझ्या तयारीत कष्ट किती आणि भीती किती, ते मला वेगळं काढता येत नाही. गेल्या डिसेंबरात दादाच्या शाळेत गेले होते. त्याची मोटरसायकल फाटकात आली आणि पोरं पिशवी घ्यायला धावली. मला त्याचा हेवा वाटला.

खिडकीजवळच्या त्या मुलाचं गाव मला आठवतं, वडिलांचं नाव आठवतं, पावसाळ्यात तो दप्तरावर खताचं पोतं पांघरून यायचा तेही आठवतं. इथल्या माझ्या तीस मुलांपैकी एकाही मुलाबद्दल मला एवढं सांगता येणार नाही. पट्ट्या मात्र त्यांच्या हातात आहेत.