तीस अँपिअरचा काटा

वाफेच्या इंजिनाच्या काळात संगणक निघाला असता तर कसा दिसला असता, या थाटाच्या वस्तूंना स्टीमपंक म्हणतात. पितळ, चाकं, काटे, दणकट खटके. मे महिन्यात सोलापुरात पारा ४३ वर असताना माणसाला असलं काहीतरी सुचतं. त्यात त्याचा दोष नाही.

कंट्रोल पॅनेल करायचं ठरवून भंगारवाल्याकडं गेलो. त्याचं गणित सरळ आहे. आपण विकायला नेलं की लोखंड, आपण शोधत आलो की 'अँटिक'. मीटर बघून माझे डोळे चमकले, तिथंच दीडशे रुपये वाढले. बंद पडलेल्या कारखान्यातला अँपिअर मीटर, जुन्या रेडिओची बेकेलाइटची बटणं आणि १४ खटके घेतले. पितळ मात्र घरातच होतं, माळ्यावर. आईचा पंपाचा स्टोव्ह.

"हात लावून बघ! रुखवतातला आहे तो."

शेवटी 'कापायचा नाही' या अटीवर मिळाला. चिंच लावून तिनंच लख्ख घासून दिला. अख्ख्या पॅनेलमध्ये तेवढंच काम नीट झालंय.

सोल्डरिंग करताना पंखा लावला की गनचं टोक गार पडतं, बंद केला की आपण वितळतो. घामाचा थेंब टोकावर पडून चर्रर्र झालं, तर बायको आतून विचारते, "फोडणी कशाची चाललीय?"

खटके मी सिरीजमध्ये जोडले. १४ च्या १४ चालू केले तरच लाल एलईडी लागणार, रॉकेट सोडल्याचा भास व्हावा म्हणून. १२ व्होल्टचा अडॅप्टर, ४७० ओहमचा रेझिस्टर. घरचे जमले. टक्, टक्, टक्... चौदावा. अंधार. नववा खटका आतून गंजलाय हे कळायला रात्रीचा दीड वाजला. तोवर प्रेक्षक घोरत होते.

दुसऱ्या दिवशी दिवा लागला, काटा मात्र ढिम्म. मीटर ३० अँपिअरचा, एलईडी खातो ०.०२. काटा टोकाला न्यायला तसले १५०० एलईडी लागतील.

"घड्याळ बंद पडलंय का रे?" आई.

मग चादरीचा कारखाना असलेला दोस्त आला. त्याला सगळे खटके दाबून दाखवले.

"मग?"

"मग दिवा लागतो."

"एकच? चल बे माझ्यासंगं."

त्याच्या मागावर जॅकार्ड होतं, नक्षी विणायचं यंत्र. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ खडखडत फिरत होती. भोक आलं की ताण्याचा धागा वर, नसलं की खाली. एवढ्यावर चादरीत मोर उतरत होता, पिसाऱ्यासकट. युक्ती १८०४ सालची. वाफेच्या काळात संगणकाचा आराखडा काढणाऱ्या चार्ल्स बॅबेजनं आपल्या यंत्रासाठी हेच पुठ्ठे उचलले होते. मी भंगारात शोधत होतो ते इथं पोटापाण्याला लागलं होतं.

निघताना त्यानं एक डागी चादर दिली. "झाक त्याला. धूळ बसंल."

त्या चादरीतल्या मोराच्या डोळ्याशी धागे सुटलेत. रात्री १४ खटके चालू केले की डोळा लाल होतो. शेजारची पोरं बघायला येतात, आणि खटके आता आई दाबते.