स्कीमा दिला की एजंटला सगळं कळतं? नाही कळत

डेव्हलपरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर सारखा फिरतोय. कोल्हापुरातल्या आमच्या ग्रुपवर तो तीनदा आला. विषय एआय एजंटचा, म्हणजे सांगितलेलं काम सॉफ्टवेअरमधली टूलं (ठरावीक काम करणारी फंक्शनं) वापरून स्वतः करणाऱ्या मॉडेलचा. टूल काय करतं ते त्याला वर्णनातून कळतं. म्हणणं असं: 'टूलचं वर्णन लिहीत बसणं हा जुन्या मॉडेलांच्या काळातला उद्योग. आता एजंटला टेबलाचा स्कीमा (रकान्यांचा आराखडा) द्या, बाकीचं तो ओळखतो. चुकला तर एरर येते आणि तो स्वतःच सुधारतो. लांब वर्णन उगाच टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) खातं. आणि बिघडलंच काही, तर बॅकअप आहे.' नुसती माहिती वाचणाऱ्या टूलांपुरतं हे बरंचसं चालून जाईल. पण डेटाबेसमध्ये बदल करणाऱ्या टूलांच्या बाबतीत यातलं एकही वाक्य मला मान्य नाही. मी करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या दूध संस्थांचं सॉफ्टवेअर सांभाळतो, तिथलंच सांगतो.

आधी स्कीमा. रकान्यात काय मावतं ते स्कीमा सांगतो. तो रकाना पाठवलाच नाही तर काय होईल, हे सांगत नाही. आमच्या 'सभासद_अपडेट' टूलचं वर्णन एका ओळीचं होतं: 'सभासदाची माहिती अपडेट करते.' एका संस्थेच्या सेक्रेटरींनी एजंटला तीन सभासदांचे मोबाइल नंबर बदलायला सांगितले. एजंटने सभासद कोड आणि नवा नंबर एवढंच पाठवलं. नवा माणूस कामाला ठेवला असता तर त्यानेही हेच केलं असतं. पण आमचं टूल आतून अख्खी नोंद नव्याने लिहीत होतं. जे आलं नाही ते रिकामं. दहा दिवसांचं बिल जमा करायच्या दिवशी फोन आला, "साहेब, तिघांच्या नावापुढं खातं नंबरच न्हाई ओ. बिल टाकायचं कुठं?"

हा घोळ वेबवाल्यांनी आधीच भोगलाय. वेबवर माहिती बदलायच्या विनंत्यांत पुट म्हणजे अख्खी नोंद बदलायची आणि पॅच म्हणजे थोडाच भाग बदलायचा. पॅचचं मानक २०१० सालचं आहे. २०१४ मध्ये जेसन या डेटा लिहिण्याच्या पद्धतीसाठी जेसन मर्ज पॅच हे मानक आलं. त्यात स्पष्ट लिहिलंय की न पाठवलेलं फील्ड (रकाना) जसंच्या तसं राहतं आणि नल, म्हणजे 'काहीच नाही' अशी खूण, पाठवलं तर ते काढून टाकलं जातं. अनुभवी प्रोग्रामरांनासुद्धा हे लिहून द्यावं लागलं. एजंटने ते रकान्याच्या नावावरून कसं ओळखायचं?

आता त्या टूलचं वर्णन असं आहे: 'पाठवलेलीच फील्डं बदलतात, बाकीची तशीच राहतात. नल पाठवल्यास फील्ड पुसलं जातं. बँक खात्याला नल चालत नाही. सभासद कोड माहीत नसेल तर आधी सभासद_शोधा वापरा, नावावरून कोड ठरवू नका.' शेवटचं वाक्य का, ते गावात राहिलेल्याला सांगायला नको. एकाच संस्थेत एकाच नावाचे चार-चार पाटील असतात.

मापाचंही तेच. 'प्रमाण' या दशांश रकान्यात लिटर बसतं आणि किलोही बसतो. १० लिटर दूध साधारण १०.३ किलो भरतं, म्हणजे आकडा बघून कुणाला शंकाही येणार नाही. फरक सभासदाच्या बिलात निघतो.

मग 'एरर आली की सुधारतो'. वरच्या प्रकारात एरर आलीच नव्हती. टूलने 'यशस्वी' म्हटलं आणि एजंट पुढच्या कामाला लागला. चुकीचा पण नियमात बसणारा बदल डेटाबेस गुपचूप स्वीकारतो. त्यात उत्तराचा अर्थही लिहिलेला नसेल तर आणखी गोंधळ. रकान्यात आधीच असलेली माहिती पुन्हा लिहिली, तर मायएसक्यूएल हा डेटाबेस सहसा '० ओळी बदलल्या' म्हणतो आणि पोस्टग्रेस्क्यूएल हा दुसरा डेटाबेस '१' म्हणतो. शून्य म्हणजे सभासद सापडला नाही, की सापडला पण बदलायला काही नव्हतं? पहिला अर्थ धरला तर एजंट तोच सभासद नव्याने दाखल करायला जाईल.

उचलीचं टूल तर याहून नाजूक. रेंज गेली, उत्तर आलं नाही, एजंटने पुन्हा तीच विनंती पाठवली, की ५,००० रुपयांची उचल दोनदा नावे पडते. एजंटला टूलं जोडायच्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या मानकामध्ये यासाठी आयडेम्पोटंटहिंट (पुन्हा चालवलं तरी वेगळा परिणाम नाही) आणि डिस्ट्रक्टिव्हहिंट (आधीची माहिती पुसली जाऊ शकते) अशा खुणा आहेत, त्या जरूर भराव्यात. पण नावातच म्हटल्याप्रमाणे त्या सूचना आहेत, हमी नाही. एकच विनंती दोनदा आली तर टूल काय करतं, हे शब्दांत लिहावंच लागतं. आम्ही प्रत्येक उचलीला विनंती क्रमांक सक्तीचा केला आणि 'तोच क्रमांक पुन्हा आल्यास नवी नोंद होत नाही' हे वर्णनात घातलं.

टोकनांचा मुद्दा छोटा आहे. पाच-सहा वाक्यांचं वर्णन जेवढं टोकन खातं, त्याहून जास्त एजंट एका चुकीच्या बदलानंतरच्या शोधाशोधीत खातो. माणसांचा वेळ वेगळाच.

राहिला बॅकअप. दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ संकलन चालू असतं. आमची चूक उघडकीस आली तोवर चार दिवस गेले होते, म्हणजे आठ वेळचं दूध, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) नोंदलेलं. जुना बॅकअप चढवायचा तर ते सगळं पुसायचं. ते शक्यच नव्हतं. नुसती ती तीन खाती बॅकअपमधून उचलावीत, तर मधल्या दिवसांत एकाने खातं बदलून घेतलं होतं, म्हणजे तिथला नंबरही खात्रीचा नव्हता. शेवटी सेक्रेटरी आणि मी तिघांच्याही घरी गेलो, पासबुकं मागून घेतली आणि खाते क्रमांक हाताने भरले. त्यातल्या एका आजींनी पासबुक देण्याआधी विचारलं, "माझं पैसं बुडलं न्हाईत न्हवं?" बिल दोन दिवस उशिरा पडलं. त्याच रात्री मी सगळ्या अपडेट टूलांची वर्णनं काढून पुन्हा लिहायला घेतली.