आधी परतीचं बघा, मग बर्फाचं

(ही पोस्ट जानेवारी २०२२ची; यातले कोविडचे नियम तेव्हाचे.) गेले पंधरा दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आहे आणि ताटं मांडीवर. स्कीइंगला कुठे जायचं ते ठरतंय. सासूबाईंनी तिसऱ्या दिवशीच निकाल दिला होता, "घसरायलाच जायचंय ना? मग पावसाळ्यात पर्वतीच्या पायऱ्या काय वाईट?" त्यांचं ऐकलं असतं तर निदान गरम जेवलो तरी असतो.

थोडी पूर्वपीठिका. २०१९ साली आम्ही चार कुटुंबं गुलमर्गला स्की शिकलो. शिकलो म्हणजे पडायचं कसं ते शिकलो. पण चटक लागली. परत आल्यावर 'बर्फाळे' नावाचा ग्रुप झाला, आल्प्ससाठी भिशी सुरू झाली आणि २०२१च्या हिवाळ्यात जायचं पक्कं झालं. पुढे कोविड आला, काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. त्या हिवाळ्यात फ्रान्सच्या लिफ्ट पूर्ण सीझन बंद राहिल्या. भिशी मात्र चालूच होती. आता पैसे आहेत, लशीचे दोन डोस झालेत, आणि कोथरूडमध्ये बसून दीड वर्ष भिंती बघून झाल्यात.

आमच्यातला समीर इंजिनिअर. त्याने एक्सेल केली. बर्फाची खोली, उतारांची लांबी, लिफ्टची संख्या, पासची किंमत, हॉटेल, आणि सगळ्यात शेवटी, स्क्रीन सरकवल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, 'कोविड नियम'. या पोस्टमध्ये मला सांगायचंय ते एवढंच, की ही एक्सेल उलटी वाचायला हवी. पहिला कॉलम 'पॉझिटिव्ह आलो तर राहायचं कुठे', दुसरा 'घरी यायचं कसं', तिसरा 'आत शिरायचं कसं', आणि बर्फ सगळ्यात शेवटी. बर्फ काय, सगळीकडे पांढराच असतो.

आता तपशील. आज २२ जानेवारी २०२२. हे नियम दुधासारखे आहेत, पिशवीवरची तारीख बघून घ्या.

ऑस्ट्रियापासून सुरुवात, कारण समीरचा जीव तिथे अडकलाय. ऑस्ट्रिया यंदा कडक आहे, आणि का आहे ते समजून घ्यायचं तर इश्गलची गोष्ट आठवावी लागते. तिरोलमधलं हे छोटं गाव. दिवसा स्की आणि संध्याकाळी खच्चून भरलेल्या बारमध्ये नाचगाणी, यासाठी प्रसिद्ध. मार्च २०२०च्या पाच तारखेला आइसलँडने कळवलं की तुमच्याकडून परतलेले आमचे लोक बाधित निघालेत. सातला तिथल्या एका बारमधला कर्मचारी पॉझिटिव्ह निघाला. तरी खोरं बंद व्हायला तेरा तारीख उजाडली, आणि तेव्हा पाहुणे घाईघाईत गाड्या काढून युरोपभर पांगले. पुढे इन्सब्रुकच्या वैद्यकीय विद्यापीठाने गावकऱ्यांचं रक्त तपासलं तर ४२.४ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या. एवढं पोळल्यावर माणूस ताक फुंकून पितोच. म्हणून आता लिफ्टमध्ये बसायला लस घेतलेली किंवा बरं झाल्याची नोंद हवी, तोंडाला एफएफपी-२ मास्क (आपल्या एन-९५सारखा) हवा, आणि देशात शिरतानाच बूस्टर (तिसरा डोस) नाहीतर निगेटिव्ह पीसीआर चाचणी. मला हा कडकपणा आवडतो. फक्त तो आम्हाला परवडत नाही. बूस्टर, म्हणजे आपल्याकडचा 'प्रिकॉशन डोस', १० जानेवारीपासून सुरू झालाय तो आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइनवाले आणि व्याधी असलेले साठीपुढचे यांच्यासाठी. आमच्यात साठीपुढच्या फक्त सासूबाई, आणि त्यांना पर्वती पुरते.

पण खरी अडचण बूस्टरची नाही, आमच्या लेकीच्या वयाची आहे. ती सोळाची. आपल्याकडे पंधरा ते अठराची लस ३ जानेवारीला सुरू झाली, फक्त कोव्हॅक्सिन. चार तारखेला रांगेत उभी राहून तिने पहिला डोस घेतला, दंड दाखवत सेल्फी काढला. दुसरा अठ्ठावीस दिवसांनी, म्हणजे १ फेब्रुवारीला. तोवर ती जगाच्या दृष्टीने 'अर्धी'.

आणि सोळा हे काय विचित्र वय आहे ते मला या पंधरा दिवसांत कळलं. ऑस्ट्रियात शाळकरी मुलांना चाचण्यांवर चालवून घेतात, पण ती सवलत पंधरापाशी संपते. फ्रान्समध्ये परवाच्या सोमवारपासून, २४ तारखेपासून, लसीचा पास लागू होतोय. सोळाच्या पुढे नुसती निगेटिव्ह चाचणी चालणार नाही, लस दाखवा. बारा ते पंधराची मुलं मात्र चाचणीवर चालतील. स्वित्झर्लंडची तर गंमतच. आईबापांची लस झालेली असेल तर अठराच्या आतल्या मुलांना सोबत देशात घेतात. लिफ्टला प्रमाणपत्र मागत नाहीत, बंद केबिनमध्ये मास्क लावला की झालं. पण रेस्टॉरंटच्या आत बसायला लस किंवा बरं झाल्याचा दाखला, सोळापासून पुढे सगळ्यांना. म्हणजे आमची कन्या विमानतळावरून आत येणार, गोंडोलात बसणार, डोंगरावरून खाली येणार, आणि जेवायच्या वेळी आम्ही आत काचेमागे फोंड्यू (वितळलेलं चीज, पावाबरोबर) खाणार आणि ती बाहेर उणे आठमध्ये मेतकूटभात. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "चालेल, फक्त वायफायचा पासवर्ड पाठव."

फोंड्यूसाठी नाही, पण तिला बाहेर बसवून मी जेवणार नाही. स्वित्झर्लंड तिथेच खोडलं.

कागदांबद्दल दोन शब्द, कारण यात वेळ फार जातो. लशीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं, त्यावर पूर्ण जन्मतारीख असते आणि पासपोर्टचा नंबर जोडावा लागतो. आपल्या मराठी नावांची इथे वाट लागते. माझ्या आधारवर मधे नवऱ्याचं नाव, पासपोर्टवर मधलं नावच नाही. कोविनवर, म्हणजे लशीच्या सरकारी पोर्टलवर, नाव-वय दुरुस्त करायची संधी एकदाच, आणि ती मी आधीच जन्मवर्ष नीट करण्यात खर्च केली. आता सीमेवरच्या अधिकाऱ्याला 'मधलं नाव म्हणजे आमच्यात नवरा' हे जर्मनमध्ये समजावणं आलं.

आणि कोविशील्ड! बारा जानेवारी २०२१ला पहाटे मांजरीहून पहिले ट्रक निघाले तेव्हा पूजा केली होती, नारळ फोडला होता, टीव्हीसमोर बसून मी रडले होते. लस आपल्या हडपसरच्या पलीकडे तयार होते, आमच्या घरापासून ट्रॅफिक नसेल तर पाऊण तास. सहा महिन्यांनी, १ जुलैला युरोपने डिजिटल प्रमाणपत्र सुरू केलं तर त्यांच्या मंजूर यादीत तीच लस युरोपातल्या नावाने होती आणि पुण्यातल्या नावाने नव्हती. मग देशादेशाने आपापली मान्यता दिली. ब्रिटनशी तर ऑक्टोबरपर्यंत भांडण चाललं. पुणेकर म्हणून तो अपमान मी अजून विसरलेले नाही, पण त्याच्यावर स्वतंत्र पोस्ट लिहीन, इथे नको.

आता तो पहिला कॉलम. समजा सगळं जमलं, गेलो, आणि सहाव्या दिवशी घसा खवखवला. स्वित्झर्लंडने विलगीकरण दहा दिवसांवरून पाच दिवसांवर आणलंय, याच महिन्यात. ऐकायला छान. पाच दिवसांनी ते म्हणणार, जा. पण जायचं कुठे? आपल्याच सरकारच्या नियमाप्रमाणे भारतात यायचं तर विमानात बसण्याआधी बहात्तर तासांतला निगेटिव्ह आरटीपीसीआर पोर्टलवर चढवायला लागतो. आणि ही चाचणी मेलेल्या विषाणूचे तुकडेसुद्धा पकडते. माणूस ठणठणीत असतो आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह येत राहतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या काकांना मुलीकडे मस्कतला जायचं होतं. ताप तिसऱ्या दिवशी उतरला. सातव्या दिवशी ते गॅलरीत सूर्यनमस्कार घालत होते. आणि चाचणी अठराव्या दिवशीही पॉझिटिव्ह. तीन वेळा तिकीट पुढे ढकललं. आम्ही दाराशी दूध आणि लिंबं ठेवून यायचो आणि ते आतून ओरडायचे, "अहो मी बरा आहे, कागद आजारी आहे!" काका निदान स्वतःच्या घरात होते, स्वतःच्या पिठल्यावर. हेच स्विस हॉटेलात तिघांसाठी अठरा दिवस करून बघा. आमची भिशी चार कुटुंबांची आहे, तरी पुरायची नाही.

विमा आहे ना, असं समीर म्हणतो. पॉलिसी मी शब्दन् शब्द वाचली. हॉस्पिटलात भरती झालात तर पैसे. हॉटेलच्या खोलीत बसून राहिलात तर नाही. बहुतेक स्की करणारी धडधाकट माणसं हॉटेलच्या खोलीतच बसून राहणार आहेत.

यातून सहीसलामत आलो तरी ११ तारखेपासून परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाला घरी सात दिवस क्वारंटाइन आणि आठव्या दिवशी पुन्हा चाचणी. म्हणजे नऊ दिवसांच्या सहलीला सोळा दिवस. घरात सासूबाई ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना सात दिवस कोणत्या खोलीत काढायचे हा प्रश्न एक्सेलमध्ये मावत नाही.

ट्रॅव्हल एजंटना मी हे सगळं विचारलं. आत शिरायचे नियम त्यांना तोंडपाठ होते. बाहेर पडायच्या नियमांवर म्हणाले, "मॅडम, काही प्रॉब्लेम नाही." म्हटलं, पॉझिटिव्ह आलो तर? त्यावर त्यांनी दिलेलं उत्तर मी फ्रेम करून लावणार आहे. "नाही येणार हो मॅडम. पॉझिटिव्ह विचार करा."

कोणी जॉर्जियातलं गुडौरी सुचवलं. स्वस्त आहे, शारजावरून तिबिलिसी गाठता येतं. पण परतीचा कागद तोच, आणि तिथे आजारी पडलो तर अक्षरसुद्धा लागायचं नाही. जपानला निसेको, जिथे जायचं माझं कधीपासून मनात आहे, ते तर पर्यटकांना बंदच.

तर गुलमर्ग. पुन्हा. समीर म्हणतो ही माघार आहे. असेल. गुलमर्गला आल्प्ससारखे कंगवा फिरवल्यासारखे उतार नाहीत, लिफ्ट मोजक्या, आणि वरच्या टप्प्याला, अफरवट डोंगरावर, हिमकडे कोसळायची भीती म्हणून बंद ठेवलं की दिवस गेला. बर्फ पडला की श्रीनगरची विमानं रद्द होतात, हेही आहे. टंगमर्गला टायरला साखळ्या बांधायला थांबावं लागतं आणि तिथला चहा खारट निघाला तर तो मुद्दाम केलेला असतो. पण तिथे घसा खवखवला तर मी आपल्याच देशात असेन. डॉक्टरशी हिंदीत बोलेन. परत यायला महाराष्ट्राला दोन डोसचं प्रमाणपत्र पुरतं, ते फोनमध्ये आहे, आणि पाच-सहा दिवस जास्त राहावं लागलं तर खोलीचं भाडं ऐकून घाम फुटणार नाही. शिवाय लेक आमच्या शेजारी बसून राजमा-चावल खाईल.

आमच्यातलं एक कुटुंब मात्र स्वित्झर्लंडला जातंय, आणि मी त्यांना अडवलेलं नाही. त्यांचा मुलगा बाराचा, म्हणजे प्रमाणपत्राच्या कटकटीतून सुटला. दोघांचं काम लॅपटॉपवर, घरात म्हातारं माणूस नाही, आणि अडकलोच तर राहायला लुझर्नजवळ मावसभाऊ आहे. त्यांच्यासाठी तीच एक्सेल उलटी वाचली तर उत्तर स्वित्झर्लंड येतं. लस घेतलेल्यांना आत शिरताना चाचणी नको, हा बदलही तिथे आजपासूनच लागू झालाय, त्यामुळे मंडळी जास्तच खुशीत आहेत.

"लोक मरताहेत आणि तुम्हाला घसरगुंडी सुचतेय" अशी कमेंट येणारच, ती आधीच मान्य करते. सुचतेय. गेल्या एप्रिलमध्ये आम्ही ऑक्सिजनसाठी रात्रभर फोन फिरवले होते, म्हणूनच सुचतेय बहुधा.

आमचं निघणं फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, लेकीचा दुसरा डोस झाल्यावर. चिल्ले कलान, म्हणजे काश्मिरातले कडाक्याचे चाळीस दिवस, तोवर सरलेले असतील, पण बर्फ असेल. स्की आणि बूट तिथे भाड्याने मिळतात. हातमोजे मात्र गेल्या वेळचे कसरीने खाल्लेत. कोथरूड-कर्वेनगर भागात कोणाकडे लहान मापाचे वॉटरप्रूफ हातमोजे असतील तर सांगा, येऊन घेऊन जाईन. मास्क लावून.