आधी मशीनजवळ उभं राहून पहा
कामगारांना ट्रेनिंग देण्याच्या आधी कोणाला कशाची गरज आहे ते तपासा, असं एका लेखात वाचलं, ते एकदम पटलं. आमच्या यवतमाळकडच्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात) सीजनच्या तोंडावर सगळ्यांनाच एका खोलीत बसवून तोच व्हिडिओ दाखवतात, अन् तिकडं डबल रोलर या सरकी काढायच्या मशीनवरचा फिटर नवीन, त्याले चाकूची सेटिंग जमत नाही म्हणून सरकी कटते, रुईत तुकडे येतात, ते कोणी विचारतच नाही. वजनकाट्यावरच्या पोराले कापसाचा ओलावा मोजायचा मॉइश्चर मीटर नीट लावता येतो का तेही पहा ना, सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भाव कापतात अन् १२ च्या वर माल घेतच नाही, म्हणजे रीडिंग चुकलं की शेतकऱ्याचंच नुकसान. अन् मीटरच बिघडला असेल तर ट्रेनिंग देऊन काय होणार, तो आधी दुरुस्त करा. कोण कुठं अडते ते जुन्या मुकादमाले विचारा, त्याले सगळं माहीत असते.