लिंबाची फोड बाजूला काढू नका: कोळंबी कॉकटेलवरच्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

परवा एकत्र जेवायला बसलो होतो. माझ्या मैत्रिणीने कोळंबी कॉकटेलवरची (म्हणजे उकडलेली गार कोळंबी आणि सोबत लाल सॉस) लिंबाची फोड दोन बोटांनी उचलून बशीच्या कडेला ठेवली, लाल सॉसची वाटी जवळ ओढली आणि एकेक कोळंबी शेपटीपर्यंत बुडवून खाल्ली. आठ महिने ती लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचा (साखर-पिष्टाचा) आहार नेटाने पाळते आहे. लिंबू का काढलंस, असं विचारल्यावर तिने फोन माझ्यापुढे धरला. मेसेज ओळखीचाच होता, मलाही तीन-चार जणांनी पाठवलाय.

त्यातले मुद्दे थोडक्यात असे: कोळंबीवर लिंबू पिळलं की क जीवनसत्त्वामुळे पोटात आर्सेनिकचं विष तयार होतं. कोळंबीत कोलेस्टेरॉल भरमसाट, म्हणून हृदयाला घातक. पाठीवरचा काळा दोरा विषारी. तिच्यात चरबी नाही, म्हणजे लो-कार्बवाल्यांना तिचा उपयोग शून्य. आणि खायचीच असेल तर सॉससोबत खा, कारण सॉस टोमॅटोचा आहे, म्हणजे भाजीच.

मैत्रिणीने हे सगळं मनापासून पाळलं, आणि नेमकं तिथेच तिचं नुकसान झालं. म्हणून शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते.

सॉस म्हणजे भाजी, हे खरं नाही. पिकलेल्या टोमॅटोत 100 ग्रॅममागे साधारण 4 ग्रॅम कार्ब असतात. नेहमीच्या केचपमध्ये तेवढ्याच वजनात 27 ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा साखरेचा. कॉकटेल सॉसचा पाया बहुतेक वेळा हाच केचप असतो. घरी येऊन मी वजनकाट्यावर वाटी ठेवली, बाटलीतला सॉस ओतला आणि नेहमीसारखी बुडवून आठ कोळंब्या खाल्ल्या. वाटी पुन्हा काट्यावर ठेवली तेव्हा 50 ग्रॅम सॉस कमी झाला होता. बाटलीवर 100 ग्रॅमला 25 ग्रॅम कार्ब लिहिलेले, म्हणजे माझ्या पोटात साडेबारा ग्रॅम गेले. आता कोळंबीकडे बघा: शिजवलेल्या 100 ग्रॅम कोळंबीत प्रथिनं 20 ते 24 ग्रॅम, उष्मांक शंभरच्या आसपास आणि कार्ब नगण्य, फार तर दीड ग्रॅम. दिवसाला 20 ते 50 ग्रॅम कार्बची मर्यादा पाळणाऱ्या माणसासाठी या ताटातला सगळा हिशोब त्या छोट्या वाटीत आहे.

याचा अर्थ सॉस सोडून कोरडी कोळंबी चावत बसा, असा मुळीच नाही. दोन टेबलस्पून बिनसाखरेची टोमॅटो पेस्ट, एक टेबलस्पून किसलेलं हॉर्सरॅडिश (एक झणझणीत मूळ), एक टेबलस्पून लिंबाचा रस, वूस्टरशर सॉसचे (बाटलीत मिळणारा आंबट-खारट सॉस) चार-पाच थेंब, मीठ, मिरपूड आणि सैल व्हायला थोडं पाणी. सगळं मिळून कार्ब साधारण 9 ग्रॅम, आणि हे तिघांना पुरतं. पेस्टच्या डब्यावरची घटकांची यादी मात्र वाचा, काहींमध्ये साखर घातलेली असते. हॉर्सरॅडिश मोहरीच्याच कुळातलं. किसल्यावर पेशी फुटतात तेव्हा त्याचा झणका तयार होतो, आणि व्हिनेगर घातलं की तो वाढायचा थांबतो. म्हणून ताजं किसत असाल तर व्हिनेगर घालण्याआधी दोन-तीन मिनिटं थांबा. नाकात जाणारा तो झणका असला की गोडाची आठवणही येत नाही, हा माझा अनुभव.

आता लिंबाचं विष. ही भीती इंटरनेटवर कित्येक वर्षं फिरते आहे आणि तिच्यात एक खरा धागा आहे, म्हणूनच ती पटते. कोळंबीत आर्सेनिक असतं, हे खरं. पण ते बहुतांशी आर्सेनोबीटेन या सेंद्रिय रूपात असतं, आणि शरीर ते जवळपास जसंच्या तसं लघवीतून बाहेर टाकतं. घातक असतं ते असेंद्रिय आर्सेनिक, आणि त्याचं प्रमाण कोळंबीत फार थोडं. तरीही वाईटात वाईट धरून चालू: किलोला अर्धा मिलिग्रॅम असेंद्रिय आर्सेनिक आहे आणि लिंबाने ते सगळंच्या सगळं आर्सेनिक ट्रायऑक्साइड या विषात बदललं. जीवघेण्या मात्रेची खालची बाजू 70 मिलिग्रॅमच्या आसपास धरतात. तिथवर पोचायला एका बैठकीत शंभर किलोहून जास्त कोळंबी खावी लागेल. शिवाय अख्ख्या लिंबाच्या रसात क जीवनसत्त्व जेमतेम 20 मिलिग्रॅम, फोडीत तर त्याचाही अंश. लो-कार्बवाल्यांना जवळपास फुकटात चव देणारी ताटातली ही एकच गोष्ट, आणि लोक तीच काढून ठेवतात याचं मला खरोखर वाईट वाटतं.

कोलेस्टेरॉलच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण निष्कर्ष चुकलाय. 100 ग्रॅम शिजवलेल्या कोळंबीत सुमारे 190 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, साधारण एका मोठ्या अंड्याइतकं. मात्र रक्तातलं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढवण्यात संपृक्त चरबीचा (लोणी-तुपात असते तशी) हात जास्त असतो, आणि ती कोळंबीत नावापुरतीच. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या रॉकफेलर विद्यापीठातल्या अभ्यासात लोकांना तीन आठवडे रोज 300 ग्रॅम कोळंबी खायला दिली होती. कमी कोलेस्टेरॉलच्या आहाराच्या तुलनेत एलडीएल सुमारे 7 टक्क्यांनी वाढलं, पण एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) 12 टक्क्यांनी वाढलं आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक चरबी) 13 टक्क्यांनी उतरले. त्यात भाग घेणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल मुळात ठीक होतं, हे लक्षात ठेवायला हवं. ज्यांच्या घराण्यातच एलडीएल फार चढं असतं त्यांनी आपल्या डॉक्टरांचंच ऐकावं. बाकीच्यांनी अधूनमधून बशीभर कोळंबी खाताना धास्तावण्याचं कारण मला दिसत नाही.

काळा दोरा म्हणजे कोळंबीची आतडी. विष नाही, पण मोठ्या कोळंबीत तो दाताखाली वाळूसारखा कचकचतो. सुरीच्या टोकाने पाठ जराशी चिरून ओढला की निघतो.

चरबी नाही म्हणून उपयोग नाही, हे तर अर्धवट माहितीवरून लिहिलेलं आहे. लो-कार्ब म्हणजे कार्ब कमी. प्रत्येक घासात चरबी हवीच असा त्यात नियम नाही. ज्यांना हवी त्यांनी सोबत अव्होकाडो घ्यावा किंवा मेयोनीजमध्ये चमचाभर टोमॅटो पेस्ट आणि लिंबू फेटून गुलाबी सॉस करावा.

खरा इशारा त्या मेसेजमध्ये आलाच नाही. कोळंबीची अ‍ॅलर्जी जीवावर बेतू शकते. ती बहुधा ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे होते आणि ते उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे कितीही उकळलं तरी धोका टळत नाही. कधी कोळंबी, खेकडा किंवा शेवंड खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या असतील, ओठ सुजले असतील किंवा श्वास लागला असेल, तर तपासणी होईपर्यंत कोळंबी कॉकटेलला हात लावू नका.