बेसिकमध्ये की हातात?

वागळे इस्टेटला कामगार हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एक बंद पडलेलं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर आमचा कट्टा. गेल्या शनिवारी नाना आला तो दंडावर काळी फीत लावूनच. काढायची विसरला होता.

"कोण गेलं रे?" शेटने विचारलं.

"अजून कुणी नाही. कराराची बोलणी चालू आहेत."

नानाची कंपनी महापेला. यंत्रांचे सुटे भाग बनवतात, निम्मा माल बाहेरच्या देशात जातो. म्हणजे जायचा. दर तीन वर्षांनी युनियनशी करार होतो. जुना करार संपून नऊ महिने झाले आणि तेवढ्यात ऑर्डरी आटल्या, तिसरी पाळी बंद झाली. युनियनने मागणीपत्रात आठ हजार मागितले होते. मागताना जास्तच मागायचे असतात, हे मॅनेजमेंटलाही ठाऊक असतं. मॅनेजमेंट शून्यावर अडून बसलं. आता गाडी इथवर आली आहे: युनियन म्हणते महिना ३,००० द्या, पण बेसिकमध्ये, म्हणजे मूळ पगारात. कंपनी म्हणते बेसिकला हात न लावता ९०,००० एकरकमी घ्या, तेही तीन वर्षांत तीन हप्त्यांनी, आणि सही करा.

"घे की मग," बंड्या म्हणाला. बंड्या आयटीवाला. "आमच्याकडे मंदी आली की सकाळी ईमेल आणि दुपारी लॅपटॉप जमा. युनियन नाही, गेट मीटिंग नाही, काही नाही."

"त्यात माज कसला रे?" नाना म्हणाला.

बंड्या गप्प झाला, पण शेट सुरू झाला. शेट म्हणजे नावाचाच शेट. इस्टेटीत भाड्याच्या गाळ्यात चार लेथ आणि सहा माणसं, मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क करतो. सध्या दोन लेथवर ताडपत्री टाकलेली आहे, आणि झालेल्या कामाचे पैसे चार-चार महिने येत नाहीत. "मालकाकडे नसेल तर तो देणार कुठून, नाना? पगाराच्या तारखेला माझ्या पोटात गोळा येतो, तो तुला नाही कळायचा."

"मागच्या कराराला तेजी होती," नाना म्हणाला. "तेव्हा म्हणाले, नवं शेड घालायचंय, जरा सांभाळून घ्या. घेतलं. तेजीत शेड, मंदीत तोटा. आमचा नंबर कधी लागायचा? आणि माझ्या घरातलं तेल आणि डाळ मंदीत स्वस्त झालीय का?"

शेटकडे याला उत्तर नव्हतं, म्हणून त्याने गिरणी संप काढला. आमच्या कट्ट्यावर हरायला लागलेला माणूस गिरणी संपच काढतो. "१८ जानेवारी १९८२. अडीच लाख माणूस कामगार पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे उभा राहिला. कापड थांबलं का? भिवंडीच्या यंत्रमागांवर निघतच राहिलं. तुझे वडील होते ना त्यात?"

"होते. आणि तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही," नाना म्हणाला. "कागदोपत्री माझा बाप संपावर असतानाच गेला."

यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही.

संपाबाबत मी शेटच्या बाजूचा आहे. माल खपत नसताना काम बंद केलं, तर मालकाचा पगारच वाचतो. नानालाही ते कळतं. म्हणून त्यांची मजल काळ्या फितीपर्यंत. शिवाय ओव्हरटाइमवर बहिष्कार घातलाय, पण मंदीत ओव्हरटाइम असतो कुठे? वरून कायदाही हलला. आधी १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला टाळं लावायचं तर सरकारची परवानगी लागायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या आणि तो आकडा ३०० झाला. नानाच्या कंपनीत पर्मनंट २४०. हे मॅनेजरने मीटिंगमध्ये एकदाही म्हणून दाखवलं नाही. गरजच नव्हती.

पण रकमेबाबत मात्र मी नानाचा. मी पीएफ-ग्रॅच्युइटीचे फॉर्म भरून देण्याची कामं करतो, त्यामुळे एकरकमी हा शब्द ऐकला की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. एका वाया गेलेल्या फॉर्मच्या पाठीवर मांडलं. नानाची नोकरी २७ वर्षं, रिटायर व्हायला तीन बाकी.

३,००० गुणिले ३६ महिने, १,०८,०००. त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्के, महिना ३६०, म्हणजे १२,९६०. त्यांच्याकडे पूर्ण बेसिकवर भरतात म्हणून. मग ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मिळते ती रक्कम. ती शेवटच्या पगारावर निघते, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. वाढ आजची, पण मोजायची तिसाच्या तीस वर्षांवर. ५१,९२३. सगळं मिळून १,७२,८८३.

"आणि ते देतायत नव्वद," बंड्या म्हणाला. मघापासून पहिल्यांदाच त्याने मोबाइल खाली ठेवला होता.

शेट कागद उलटासुलटा करून बघत म्हणाला, "मी मालक असतो तर मीपण एकरकमीच दिले असते. बेसिक एकदा वर गेलं की खाली येत नाही. ऑर्डरी मात्र खाली येतात." कट्ट्यावर त्या दिवशी याहून खरं कुणी बोललं नसेल. भांडण मुळात ३,००० चं नाहीच. मंदी उठल्यावरही ती वाढ राहणार की नाही, त्याचं आहे.

नाना कागदाची घडी घालून खिशात ठेवत होता. सोमवारच्या गेट मीटिंगला दाखवणार म्हणे.

पायरीच्या टोकाला बारक्या बसला होता. तोही त्याच कंपनीत, पण ठेकेदाराकडून. आठ वर्षं झाली. त्याने विचारलं, "परवाच्या गेट मीटिंगला किती वेळ होतात तुम्ही?"

"पाऊण तास. का रे?"

"तुमचं मशीन मीच चालवत होतो तेव्हा."

नाना हसला, पण बारक्या हसला नाही. एक तारखेपासून ठेकेदाराच्या चाळीस जणांचे गेटपास बंद होणार होते. यादी आज लागली होती.

"तुझं नाव आहे?"

"यादी उद्या पूर्ण होणार म्हणाले."

"युनियनला कुणी सांगितलं नाही," नाना म्हणाला.

"आम्ही युनियनमध्ये कुठे आहोत?"

बंड्याने विचारलं, तुला वाढ कशी मिळते मग? बारक्या म्हणाला, जानेवारीत आणि जुलैत सरकार किमान वेतनावरचा विशेष भत्ता ठरवतं. वाढला तर तेवढीच वाढ. त्यासाठी मागणीपत्र नाही नि काळी फीत नाही.

नानाने तेव्हा कुठे दंडावरची फीत सोडली. मग खिशातला कागद परत काढून माझ्यापुढे धरला. "याचंपण मांड."

"काय मांडू? याच्या स्लिपवर दरवर्षी नवी जॉइनिंग तारीख असते."

"तरी मांड. आठ वर्षं धरून."

मी कागद उलटला. तिकडे फॉर्मची छापील बाजू होती. पहिल्याच रकान्यात लिहिलं होतं, नोकरीवर रुजू झाल्याचा दिनांक.